जुनी बटणं: चिकटवायची की शिवायची?

आजीच्या डब्यातली बटणं वापरून भाचीला दिवाणखान्यात 4 फूट बाय 3 फुटांचा मोर करायचाय. प्लायवर चिकटवू की जाड कापडावर शिवू, यावर तिचं अडलंय.

आधी हिशोब. अर्ध्या इंचाची बटणं चौरस इंचात चार बसतात, म्हणजे जवळजवळ 7,000 लागतील. मिनिटाला एक शिवलं तरी शंभराहून जास्त तास. चिकटवणं याच्या चौथाई वेळात उरकतं.

खर्चात मात्र शिवण जिंकते: कापड, दोरा, सुई, बस्स. प्लाय आणि गोंद महाग. त्यात सुताराचा पांढरा गोंद गुळगुळीत प्लास्टिकला नीट धरत नाही, तिथे दोन ट्यूबांचा इपॉक्सीच लागतो. मागे कडी असलेली ब्लाउजची बटणं प्लायवर डुगडुगतात. कडी कापा, नाहीतर भोक पाडा. कापडावर तीच दोन टाक्यांत बसतात.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर 19व्या शतकात लंडनच्या हेन्री क्रॉफ्ट या झाडूवाल्याने शिंपल्याची बटणं शिवून अख्खा सूट भरला; अंगावर वागवायचं तर टाकाच हवा. शिवाय शिवलेलं बटण उसवून परत मिळतं. आजीच्या हिरव्या काचेच्या बटणांना इपॉक्सी लावायला माझा तरी हात धजणार नाही.

शाळेची भिंत, महिन्याभराची मुदत, मदतीला मुलं असतील तर प्लाय घ्या. इपॉक्सी मात्र मोठ्यांनीच हाताळायचा. घरच्या आठवणींची बटणं असतील, घर बदलताना गुंडाळून न्यायचं असेल, तर कापड. भाचीला मी सुईच दिली.