आयटीआय झालं, आता सोलर, पवनचक्की की ईव्ही?

माझा भाचा यंदा इलेक्ट्रिशियन ट्रेड पास झाला आणि घरात तीच जुनी चर्चा, महावितरण नाहीतर रेल्वे. ग्रीन जॉब म्हणजे सोलर, पवनचक्की, ईव्ही असली स्वच्छ ऊर्जेची कामं, पण हे कुणाच्या गावीही नाही, आणि त्यात त्यांची चूक तरी काय, त्या नावाने जाहिरातच येत नाही ना! "सोलर टेक्निशियन", "विंड ओ अँड एम" (म्हणजे पवनचक्की चालवणं आणि देखभाल), "साईट इलेक्ट्रिशियन" असं टाकून शोधलं तर कामं दिसायला लागतात.

सोलरला शिरकाव सगळ्यात सोपा. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र कोर्स 600 तासांचा आहे, फी नाही, दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन आयटीआय असेल तर चालतं (बॅच चालू आहे का ते केंद्रावर विचारून मगच बॅग भरा). 2024 ला पीएम सूर्यघर ही घराच्या छतावर सोलर बसवायची केंद्राची योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी, त्यामुळे तालुक्यातसुद्धा छतावरची कामं निघाली, शिवाय शेतात सोलर पंप आहेतच. पण एप्रिलमध्ये पत्र्यावर उभं राहून पॅनलचं स्ट्रक्चर (सांगाडा) आवळायचंय हे लक्षात ठेवा. आणि मेन स्विच पाडला तरी पॅनलकडून येणारी डीसी वायर ऊन आहे तोवर जिवंतच असते, घरची वायरिंग केलेली पोरं नेमकी इथेच फसतात. पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी-फोर कनेक्टर नीट क्रिम्प झाला नाही (वायरवर दाबून घट्ट बसला नाही) की तो तापतो, मग जळतो. छोट्या ठेकेदाराकडे पैसे अडकतात हेही खरंय, माझे स्वतःचे दोन महिन्यांचे अडकले होते, म्हणून रोजंदारी की पगारपत्रक, पीएफ कापणार का, हे पहिल्याच दिवशी विचारायचं, लाजायचं नाही.

पवनचक्कीचं काम जास्त पक्कं वाटतं मला, मशीन एकदा उभं राहिलं की वीसेक वर्षं कुणीतरी सांभाळायलाच लागतं. पण ते मिळतं कुठे, तर साताऱ्याचं चाळकेवाडी, वनकुसवडे, धुळ्याचं ब्राह्मणवेल, अशा पठारांवर. म्हणजे राहणं तिकडेच. हार्नेस (अंगाला बांधायचा सेफ्टी पट्टा) बांधून टॉवरच्या आतल्या शिडीने वर चढायचं, हातात टूल बॅग. उंचीवर काम करायचं सेफ्टी ट्रेनिंग वेगळं करावं लागतं. जत्रेतल्या पाळण्यात पोटात गोळा येत असेल तर हा विषय इथेच सोडा.

ईव्हीचं थोडक्यात सांगतो. आयटीआयला इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिक हा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड आहे, दहावीनंतर अजून ॲडमिशन घ्यायची असेल तर जरूर बघा, पुणे-चाकणच्या बाजूचे असाल तर अजून बरं, गाड्यांचे कारखाने तिकडेच. पण एक ट्रेड हातात असताना पुन्हा दोन वर्षं घालवायला मी तरी सांगणार नाही.

भाच्याला मी सोलर सांगितलंय, वर्षभर साईट कर, मग वाटलं तर पवनचक्कीकडे जा. ताईने तरी रेल्वेचा फॉर्म भरून ठेवलाय.