घामाच्या वासावर घरगुती काडी: मेण की मुठेल?

बेळगावात थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं आणि एप्रिलमध्ये पाण्यासारखं होतं, कारण ते साधारण 24 अंशांना वितळतं. म्हणून घरी डिओडोरंटची घट्ट काडी करताना त्याला आधार लागतो, मधमाश्यांच्या मेणाचा किंवा मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांपासून काढलेल्या घट्ट तेलाचा.

मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. 100 ग्रॅममध्ये 15 ग्रॅम मेण, 45 खोबरेल, 35 आरारूट आणि 5 खायचा सोडा घेतला, की काडी अथणी-रायबागच्या उन्हातही उभी राहते. पण ती काखेत ओढते आणि कपड्याला चिकटपणा लागतो.

मुठेल मला जास्त आवडतं. ते त्वचेवर चोळताच मऊ होतं, तेलकट वाटत नाही आणि खानापूर भागातल्या घरांना नवखंही नाही, टाचांच्या भेगांना ते पूर्वीपासून लावतात. अडचण अशी, की ते 38 ते 40 अंशांनाच वितळतं आणि खोबरेल मिसळलं की त्याहून लवकर. सावकाश थंड झालं तर रवाळ होतं, म्हणून साच्यात ओतून लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

खानापूर, बेळगावसाठी मी मुठेलच घेईन, त्यात 5 टक्के मेण घालून. मेच्या उन्हात एसटीने फिरणाऱ्याने मात्र मेणाचीच काडी पिशवीत ठेवावी.

सोडा दोन्हींत जपून. तो अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे काहींची काख लाल होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. घाम दोन्हींनी थांबत नाही, फक्त वास कमी होतो.