कडकनाथ की असील : जात पारखताना रंगाला किती भाव द्यायचा?

दोन्ही कोंबड्यांच्या आपल्या देशी, जुन्या जाती. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, भिल्ल-भिलाल्यांनी सांभाळलेला. 2018 मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. असीलचं माहेर आंध्र, ओडिशा, छत्तीसगड. पण बाजारात दोन्ही एकाच नजरेने पारखले जातात आणि तिथेच फसगत होते. कडकनाथाचा रंग आत असतो, असीलचा नुसता अंगावर.

कडकनाथाच्या पिसांना भुलू नका. पूर्ण काळा, पेन्सिल (पिसांवर फिकट रेघा) आणि सोनेरी, हे तिन्ही प्रकार अस्सलच. मानेवर सोनेरी पिसं दिसली म्हणून पक्षी नाकारणारे मी पाहिलेत. चांगला पक्षी हातचा जातो. पक्षी हातात घ्या, छातीवरची पिसं फुंकरीने बाजूला करा आणि कातडी बघा. मग चोच उघडून जीभ बघा. दोन्ही काळी हवीत. तुरा जांभळट-काळा हवा, लालभडक नको. अंडं मात्र फिकट तपकिरी असतं. काळं अंडं देतो म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

एवढं करूनही मी एकदा चुकलो. चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) घेतल्या, जिभेपर्यंत काळ्या. पुढच्या खेपेला त्याच विणीचे नर दिसले, तर पाय पांढुरके, तुरे लाल. कारण असं : काळेपणाचा गुण प्रभावी आहे, त्यामुळे कडकनाथ नर आणि पांढऱ्या-पिवळ्या पायांची गावठी कोंबडी यांच्या संकरातही तो उतरतो. पण कातडीतला काळा रंग दाबणारा गावठीचा गुण लिंगाशी जोडलेला असतो. तो आईकडून फक्त मुलग्यांना जातो. मुलगे फिके निघतात, मुली बापासारख्या काळ्याभोर. सिल्की नावाच्या, अशाच काळ्या कातडीच्या कोंबड्यांवर हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेलाय. म्हणून तलंग घेताना आधी तिचे भाऊ बघायला मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.

असीलमध्ये रंगाला नावं भरपूर : पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता. पण ती ओळखीपुरती. नूरी पांढरा म्हणून तो काळ्या कागरपेक्षा कमी अस्सल ठरत नाही. (असील आणि आपला 'अस्सल' एकाच अरबी मुळातले.) इथे बांधा बघायचा. उभी ठेवण, लांब मान, रुंद खांदे, भक्कम पाय, अंगाला घट्ट चिकटलेली तोकडी पिसं. तुरा बुटका, वाटाण्यांच्या ओळींसारखा. चोचीखालची लोंबती कातडी जवळपास नाहीच. उंच, एकेरी, दातेरी तुरा दिसला की संकर समजा, रंग कितीही देखणा असो.

आता घ्यायचं काय? अंड्यांसाठी दोन्ही बेताच्याच. कडकनाथाची मादी सहसा खुडूक होऊन अंड्यांवर बसत नाही. पिल्लांसाठी यंत्र लागेल किंवा दुसरी कोंबडी. असीलची मादी जीव लावून अंडी उबवते, पिल्लांसाठी अंगावर धावून येते. पण तिचे नर एका खुराड्यात नांदत नाहीत, प्रत्येकाला वेगळी जागा हवी. झुंजीसाठी घ्यायचा विचार असेल तर मुळीच घेऊ नका. ती क्रूरता आहे आणि गुन्हाही.

जागा थोडी आणि विक्री मांसाची असेल तर मी कडकनाथ सांगेन. परसात मोकळं सोडायचं, पिल्लं घरच्या घरी वाढवायची, तर असीलच्या दोन माद्या आणि एकच नर. कडकनाथाची अंडीसुद्धा त्याच माद्यांखाली बसवता येतात.