चायनीज पालेभाज्यांच्या बियांचं कॉम्बो: पाक चोय मस्त, पण पाकिटावरचं "केव्हाही लावा" ऐकू नका

मागच्या हिवाळ्यात ऑनलाइन ४ पाकिटांचं कॉम्बो मागवलं होतं, पाक चोय, तात्सोई, मिझुना आणि नापा म्हणजे ती लांबट चायनीज कोबी. २४० रुपये पडले, आर्वीकडच्या आमच्या खेड्यात पोचायला ९ दिवस लागले. आता मार्चमध्ये वाफे रिकामे झाले म्हणून लिहितेय, कारण पाकिटावर छापलंय तसं केलं तर आपल्या विदर्भात पहिली लागवड हमखास वाया जाते, माझी गेली.

पाकिटावर लिहिलंय "वर्षभर केव्हाही लावा". मी ते खरं धरून दसरा झाला की लगेच बी टाकलं. चौथ्या दिवशी उगवलं, छान वाटलं, पण ऑक्टोबर हिटमध्ये दुपारी रोपं माना टाकायची आणि महिनाभरात वीतभर पाक चोयला मधूनच दांडा येऊन पिवळी फुलं लागली, पानं कडू. वरून काळी अळी. ही मोहरीवर येते तीच, हात लावला की गोल गुंडाळी होते आणि टपकन खाली पडते, काळ्या मातीत पडली की दिसतच नाही. मग मी पानाखाली पांढरं ताट धरून सकाळ-संध्याकाळ वेचायला लागले, तेव्हा हातात यायला लागल्या. सासूबाई पाहत होत्या, म्हणे, "हा तं मोहरीचाच पाला हाये वं माय, मोहरी कोणी दसऱ्याले टाकते का परसात?" आणि त्यांचं खरं आहे, ह्या चारही भाज्या मोहरीच्याच कुळातल्या, थंडीच्या.

दुसऱ्यांदा दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकलं आणि काय फरक पडला म्हणून सांगू! आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून वाफा चांगला वीतभर उंच केला, शेणखत आणि नाल्याची थोडी रेती मिसळली, दोन रोपांत एक वीत अंतर ठेवलं आणि वरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं. पाणी रोज थोडं, सकाळीच. मावा दिसला तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून संध्याकाळी मारायचा, बस.

पाक चोय ४५ दिवसांत काढायला आली. बुडाशी चमच्यासारखे जाड पांढरे देठ, वर गर्द हिरवं पान, विळ्यानं बुडातून कापलं की कटकन आवाज येतो. एक सांगते, देठांच्या पोटात माती जाम अडकते, पान न् पान सुटं करून धुवा नाहीतर भाजी कचकच लागते. आधी मी पालकासारखी डाळ-शेंगदाणे टाकून पातळ भाजी केली, नाही जमली, देठाला पाणी सुटतं. नंतर कढई खूप तापवून तेल, ठेचलेला लसूण, लाल मिरची, आधी देठ मग पानं, झाकण न ठेवता ३-४ मिनिटं, आणि गरम ज्वारीच्या भाकरीसोबत. पोरं मागून खातात आता.

मिझुनाचं पान कातरलेलं, चवीला जरासं तिखट, कच्चंच झुणक्यासोबत खायला फार आवडलं आम्हाला, वरवर कापत गेलं की परत फुटतं, आम्ही एकाच वाफ्यातून ४ वेळा कापलं. तात्सोई जमिनीला चिकटून गोल पसरते, डिसेंबरच्या कडक थंडीत जिथे वालाचा वेल काळा पडला तिथे हिला काही झालं नाही, पण माझ्या पाकिटातलं बी जुनं असावं, २० पैकी ६ च उगवले. दुकानाला व्हॉट्सअ‍ॅप केला तर दोन दिवसांनी तीच पाकिटावरची माहिती परत पाठवली, ह्याचा राग आहे मला. शेतकऱ्याच्या घरात बी फसणं म्हणजे अख्खा सीझन जाणं असतं, निदान पॅकिंगची तारीख तरी छापा.

नापाचं म्हणाल तर हिला गड्डा धरायला ७०-८० दिवस सलग थंडावा लागतो, आपल्याकडे संक्रांत गेली की दुपार तापायला लागते, त्यामुळे गड्डे सैलच राहिले. सुटी पानं भाजीला चालतात, पण त्यासाठी वाफा अडवू नये. डिसेंबरातही काही बी टाकून पाहिलं होतं, रोपं लहान असतानाच थंडी लागली आणि फेब्रुवारीत दिवस मोठा होताच सगळी फुलावर आली. ते कोवळे दांडे कळीसकट परतून खाल्ले, तेही गोड लागतात.

माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार. परत घेईन तर कॉम्बो नाही, पाक चोय आणि मिझुनाचं सुटं पाकीट. घरचं बी धरायचं असेल तर एकच जात फुलावर ठेवा, ह्या चारही एकमेकींत संकर होतात, मधमाशा फिरल्या की झालं. आणि एकट्या झाडाला शेंगा नीट धरत नाहीत. मी पाक चोयची ८ झाडं सोडलीत, बाकीच्यांची फुलं खुडून टाकली, शेंगा आता पिवळ्या पडताहेत, तडकायच्या आधी कापून पोत्यावर वाळवणार आहे.