छातीचा प्रोटेक्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी नागपूरजवळच्या मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलचा सराव करताना उडीनंतर पुढचे चाक रुतले आणि हँडलबारचे टोक डाव्या बरगड्यांत बसले. अंगात प्लास्टिकचे कवच असूनही तीन बरगड्या मोडल्या आणि छातीत हवा साठून फुफ्फुस दबले. धंतोलीतील रुग्णालयात बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडली होती. त्यानंतर तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर श्वास ओढण्याची शिक्षा सुरू झाली, कारण दुखते म्हणून उथळ श्वास घेतला की कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

बरे झाल्यावर कवचाच्या आतले लेबल पहिल्यांदा वाचले. त्यावर ईएन १४०२१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक लिहिला होता, म्हणजे ते पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेले दगड अडवण्यापुरतेच होते. विक्रेत्याने मात्र ते ‘फुल प्रोटेक्शन’ म्हणून गळ्यात मारले होते. नोव्हेंबरमध्ये घेतलेला प्रोटेक्टर ईएन १६२१-३ या मानकाचा, लेव्हल २ म्हणजे दोनपैकी वरच्या पातळीचा आहे. या मानकाच्या चाचणीत वजन आदळून पलीकडे किती जोर पोहोचतो, हे मोजले जाते.

फेब्रुवारीत वळणावर घसरून मी छातीवरच आपटलो. एक्स-रे स्वच्छ आला, पण बरगडीची बारीक चीर त्यात नेहमीच दिसते असे नाही, म्हणून धाप लागल्यास लगेच परत येण्यास डॉक्टरांनी बजावले. दोन आठवड्यांत दुखणे गेले. केवळ प्रोटेक्टरमुळे वाचलो, असे मी म्हणणार नाही. ते पडणे पहिल्याइतके जबर नव्हते.

उणिवाही आहेत. छातीचा मधला भाग उत्तम झाकला जातो, पण काखेखालच्या बरगड्या, म्हणजे मला लागले होते नेमकी तीच जागा, उघडीच राहते. शिवाय असा फोम उन्हात मऊ पडतो, म्हणून लेबलावर ‘टी+’ ही खूण, म्हणजे ४० अंशांवर केलेली चाचणी, पाहूनच मी घेतला. तरीही मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर गेला की हे अंगात घालून वीस मिनिटांपलीकडे सराव होत नाही. मापही टी-शर्टच्या नंबरावरून न घेता छाती आणि धड टेपने मोजून घ्यावे. माझा पहिला नग उडी मारताना हनुवटीपर्यंत चढत असे, तो बदलून घ्यावा लागला.

खांद्याचे वेल्क्रो सातव्या महिन्यात सैल पडले. सुटे पट्टे कुठेच मिळेनात, तेव्हा इतवारीतल्या बॅगा शिवणाऱ्याकडून नवे शिवून घेतले, आणि ते मूळच्यापेक्षा घट्ट बसले आहेत.