पॅकराफ्टचे दहा महिने: हवा, ऊन, काटे आणि ओल

पॅकराफ्ट म्हणजे पाठीवर नेता येणारी, फुगवायची हलकी बोट. ऑगस्ट ते मे, तीसेक वेळा फुगवून झालेली. एका माणसाची, ट्रेकच्या सॅकमध्ये मावणारी. बोटीच्या कडेने फिरणाऱ्या फुगवायच्या नळीचं कापड म्हणजे टीपीयूचा (लवचिक प्लॅस्टिकचा) थर दिलेलं २१० डेनिअर नायलॉन, तळ ८४० डेनिअर (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), बैठक आणि पाठटेक वेगळे फुगवायचे, मागे तळाला लावायचा सुटा स्केग, म्हणजे बोट सरळ ठेवणारं पातं. सगळं मिळून ३.१ किलो. बाहेरून लांबी २३५ सेंटिमीटर, नळीची जाडी २८. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकतर खाली तक्रारीही आहेत, आणि दुसरं म्हणजे लिहिलेलं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही बोटीला लागू आहे. वापर मुख्यतः धरणांच्या फुगवट्यावर (मुळशी, पवना, भंडारदरा), थोडा कोकणातल्या खाड्यांत, थोडा संथ वाहत्या नदीत.

बोट उत्तम आहे. पण सोबतची माहितीपुस्तिका थंड देशात बसून लिहिलेली आहे, आणि आपल्याकडे बोट खराब होण्याची कारणं वेगळी आहेत. पॅकराफ्ट रुजली ती अलास्कात. १९८२ साली तिथल्या रानातल्या पहिल्या शर्यतीत डिक ग्रिफिथ यांनी सॅकमधून फुगवायची बोट काढून नदी पार केली, तेव्हा बाकीच्यांचे डोळे विस्फारले. तिथे हवा गार आणि पाणी त्याहून गार. आपल्याकडे पाणी कोमट, काठ तापलेला, काठावर बाभूळ, आणि चार महिने घरातसुद्धा काही वाळत नाही. पुस्तिकेत या चारही गोष्टींवर मिळून दोन ओळी आहेत.

फुगवण्यापासून सुरुवात करू. पंप लागत नाही, पातळ नायलॉनची पिशवी येते. तिच्या तळाला आट्यांची नळी असते, ती बोटीच्या व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवायची. आटे नेहमी आधी उलटे फिरवायचे, टक् असा हलका धक्का लागला की मग सुलटे. वाकडे बसलेले आटे जोर लावून फिरवले की व्हॉल्व्हची कड जाते, आणि ती दुरुस्ती घरी होत नाही. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद धरून वाऱ्याकडे करायचं, पिशवी भरली की तोंड मिटून दोन पीळ द्यायचे आणि छातीशी कवटाळून हवा आत लोटायची. नळीत साधारण पावणेतीनशे लिटर हवा मावते. एका पिशवीतून प्रत्यक्षात वीस-पंचवीस लिटर जाते, म्हणजे बारा-तेरा पिशव्या. हात बसला की पाच मिनिटांचं काम. वारा पडलेला असेल तर पिशवी हवेत झोकून भरावी लागते आणि वेळ दुप्पट जातो.

बैठक आधी बांधा, मग नळी फुगवा. नळी कडक झाल्यावर बैठकीच्या दोऱ्या ओवायला बोटं आत जात नाहीत. बैठक पूर्ण फुगवू नका, पाऊण भागच. टणक बैठकीवर माणूस उंच बसतो आणि बोट डगमगते. स्केग मात्र नळी भरल्यावर, बोट उलटी करून.

पिशवीने नळी आकाराला येते, कडक होत नाही. शेवटचा दाब वरच्या बारीक नळीतून तोंडाने फुंकून द्यायचा, पंधरा-वीस फुंकर. एवढ्याने साधारण १ पीएसआय (दर चौरस इंचावर एक पौंड) दाब येतो आणि या बोटीला तो पुरतो. एसयूपी बोर्डचा, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फुगवत्या फळीचा, पंप लावायचा मोह टाळा. तो बोर्ड १२ ते १५ पीएसआय मागतो, त्याचा पंप पॅकराफ्टची शिवण उसवून ठेवेल. पुरेसा दाब ओळखायचा कसा? अंगठ्याने जोरात दाबलं तर नळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत जावी, आणि टिचकी मारली तर ढोलकीसारखा भरीव आवाज यावा. फद् असा आवाज आला तर आणखी फुंका.

आता खरी मेख. मार्चच्या दुपारी काठावर हवा ३८ अंश आणि धरणाचं पाणी २५ अंश असतं. बोट पाण्यात टाकली की दहा मिनिटांत आतली हवा गार होते आणि नळी मऊ पडते. नवखा माणूस लगेच पंक्चर शोधायला लागतो. गणित सोपं आहे. आतल्या हवेवर वातावरणाचा सुमारे १४ पीएसआय दाब आधीपासून आहे, आपण वरून १ घातला. तापमान १३ अंशांनी उतरलं म्हणजे केल्विनच्या मापात चार टक्के, आणि ही चार टक्के घट आपल्या एकावर नाही, सगळ्या पंधरावर बसते. म्हणजे ०.६ पीएसआय गेला. हातात एकचा जवळजवळ तिसराच हिस्सा उरला. म्हणून बोट पाण्यावर ठेवायची, तळावर दोन-चार ओंजळी पाणी शिंपडायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. ही दुसरी फुंकर टाळली तर बसल्यावर बोट मधोमध दुमडल्यासारखी होते, नाक वर येतं आणि वल्हं मारलेलं अर्धं वाया जातं.

पुस्तिका इथे थांबते. पण तीच बोट जेवायच्या सुट्टीला काठावर उन्हात ओढून ठेवली की गणित उलटं फिरतं. गडद रंगाच्या नळीतली हवा सहज ५० अंशांवर जाते, आणि २५ अंशांना घातलेला १ पीएसआय दुपटीच्या वर पोचतो. कापड थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी राहतो, पण तो ताण सगळा शिवणींवर येतो. आमच्या बोटीच्या नाकाकडच्या पट्टीला एप्रिलमध्ये कडेने बारीक फुगवटा आला, तो पाण्यावर आला नाही, काठावर आला. नियम साधा ठेवा: पाण्याबाहेर पाच मिनिटांहून जास्त वेळ राहणार असेल तर आधी टोपण उघडून फस्स करून थोडी हवा सोडा, मग डबा उघडा. शक्य असेल तर बोट पाण्यातच सावलीला बांधून ठेवा.

याच हिशेबाने घरी गळती तपासताना फसगत होते. संध्याकाळी ३२ अंशांना कडक फुगवलेली बोट पहाटे १८ अंशांना लुळी दिसणारच. पुन्हा संध्याकाळ होऊ द्या, खोली तेवढीच तापू द्या, मग हात लावून बघा. चोवीस तासांनी त्याच तापमानाला मऊ असेल तरच गळती आहे असं समजा.

पाण्यावरच्या वागण्याबद्दल थोडक्यात. शांत पाण्यात ताशी ३ ते ४ किलोमीटर. प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे डोलतं, स्केगने ते निम्म्याने कमी होतं. सॅक पुढे नाकावर बांधली तर आणखी सुधारतं, कारण एकट्या माणसाचं वजन मागेच पडतं आणि ८-१० किलोंनी तोल सरळ होतो. समोरून वारा आला तर मात्र ही बोट पानासारखी आहे. धरणांवर दुपारनंतर वारा धरतो, तेव्हा परतीचा टप्पा सकाळीच उरका. वल्हं दोन पात्यांचं, चार तुकड्यांचं, २१० ते २२० सेंटिमीटर. तुकडे जोडायच्या आधी सांधा पाण्यात खळबळून घ्या, वाळूचा एक कण अडकला तरी नंतर दोघांनी ओढून निघत नाही. तेल-ग्रीस लावू नका, वाळू चिकटून बसते.

लाईफ जॅकेट किमान ५० न्यूटनचं (तरंगवण्याच्या जोराचं माप, जॅकेटवर लिहिलेलं असतं), आणि पट्टे आवळलेले. वाहत्या पाण्यात बोटीची दोरी स्वतःला बांधू नका. कुंडलिकेसारख्या नदीत पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलं की येतं, म्हणजे पातळी घड्याळावर बदलते. तिथे एकट्याने ही बोट नेऊ नये. वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत, तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय उतरू नका. आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरल्यावर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी माथ्यावरून सांडतं आणि वरच्या बाजूने नुसती सपाट, शांत रेघ दिसते. खाली पडलेलं पाणी तळातून उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे येतं. त्यात सापडलेली हलकी बोट आणि तिच्यातला माणूस जॅकेटसकट तिथेच घुसळत राहतो. शंभर मीटर आधी काठाला लागा, बोट खांद्यावर घ्या, बंधारा चालत ओलांडा. तीन किलोंची बोट घेण्याचं कारणच हे आहे.

दहा महिन्यांत पाच भोकं पडली. त्यातली चार काठावर. दोन वेड्या बाभळीच्या काट्याने, एक सराट्याने, एक फुटक्या बाटलीने. पाण्यातलं एकच, खाडीत खडकावरच्या कालवांनी तळाला दिलेला तीन सेंटिमीटरचा चिरा. कालवं ब्लेडसारखी असतात, ओहोटीला खडकाला घासून बोट लावू नका. काट्यांवर उपाय म्हणजे दोन बाय अडीच मीटरची जाड ताडपत्री. बोट तिच्यावरच उलगडायची, तिच्यावरच फुगवायची, आणि उचलून पाण्यात न्यायची, ओढत नाही. ताडपत्री झटकताना उलट बाजू बघा. काटा तिच्यात रुतून राहतो आणि पुढच्या वेळी वर निघतो. सराट्याचं भोक तसंच पडलं होतं.

भोक शोधायला साबणाचा फेस. चमचाभर द्रव साबण अर्ध्या लिटर पाण्यात, स्पंजने नळीवर फिरवा. आधी व्हॉल्व्हची कड तपासा. बुडबुडे तिथे आले तर नव्वद टक्के वेळा रबरी वॉशरवर वाळू असते. वॉशर काढून पुसला की काम झालं. भोक सापडलं की पेनने गोल करा, कारण हवा सोडल्यावर ते दिसत नाही. मग नळी पूर्ण रिकामी करा, जागा कोरडी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन मिनिटं उडू द्या. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर जास्त, कोपरे गोल कापलेले. चौकोनी कोपरा आठवड्यात उचलतो. टिअर-एडची (तयार चिकटपट्टीचं ठिगळ) पट्टी घेत असाल तर टाईप ए घ्या, टाईप बी पीव्हीसीसाठी आहे. मधून कडेकडे अंगठ्याने घासत बसवा. आमचं सप्टेंबरचं ठिगळ मेमध्येही जसंच्या तसं आहे.

पंक्चरवाल्याकडे नेऊ नका. ते सोल्युशन ट्यूबच्या रबरासाठी असतं, टीपीयूवर पकड घेत नाही आणि उरलेला थर खरवडून काढताना कापडाचा लेप जातो. झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर काचेसारखा होतो, बोट गुंडाळली की तडकतो. तळाच्या चिऱ्याला युरेथेनचा गोंद आतून-बाहेरून पातळ लावला आणि रात्रभर ठेवला. हा गोंद हवेतल्या ओलीने पकडतो, त्यामुळे पावसाळ्यात लवकर वाळतो. उघडलेली ट्यूबही त्याच ओलीने आतून दगड होते, म्हणून झाकण घट्ट लावून डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा.

धुणं आणि वाळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. नळी आणि तळ जुळतात त्या खाचेत बारीक वाळू बसते, आणि पायांच्या हालचालीने ती पॉलिश-पेपरसारखी कापड घासते. अर्धवट फुगवून, खाच बोटांनी उघडून, गोड्या पाण्याच्या नळाखाली धुवा. खाडीतून आल्यावर तर त्याच दिवशी. वाळवायची सावलीत, उलटी, निम्मी फुगवून, बारा तासांनी पालटून. बाहेरून वाळली म्हणजे वाळली असं नाही. तोंडाने फुंकलेली हवा ओली असते. दहा-पंधरा वेळा फुंकल्यावर नळीच्या आत दमट वास यायला लागतो, तो बुरशीचा. महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी नुसत्या पिशवीने बोट फुगवा, तासभर ठेवा, दाबून सगळी हवा काढा, असं तीनदा. पावसाळ्यात पंख्याखाली. ड्रायर किंवा हीटर नको. पावसाळ्यात कडक गुंडाळून कपाटात ठेवलेल्या बोटीच्या घड्यांवर काळे ठिपके पडतात, आणि काही जातींचं टीपीयू ओल आणि उष्णता मिळून चिकट होत जातं.

आणखी दोन सवयी. डास पळवायच्या मलमात डीट असेल तर हात धुतल्याशिवाय नळीला लावू नका, डीट प्लॅस्टिक खातं. आणि मेमध्ये बोट गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथे स्केग वाकला होता. गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून, दोन सपाट फळ्यांत दाबून गार होऊ दिल्यावर सरळ झाला.

तक्रार बैठकीबद्दल आहे. चौथ्या महिन्यात तिच्या कडेची जोडणी सुटली, टाचेचा रेटा नेमका तिथे येतो. नवी मिळाली, पण सहा आठवड्यांनी, आणि तीही त्याच पातळ कापडाची. या किमतीला बैठक नळीच्याच कापडाची असायला हवी. तोपर्यंत खाली गादीचा फोम कापून घाला, एक सेंटिमीटर जाडीचा पुरतो. बैठक पाण्यावर फुटली तरी तोच फोम बसायला राहतो.

ठेवायची ती सैल गुंडाळून, सगळी टोपणं उघडी, सुती पिशवीत, आणि पिशवी खुंटीला टांगून. जमिनीवर किंवा माळ्यावर नाही. खाऊचा वास लागलेलं नायलॉन उंदीर कुरतडतात, आणि घडीवर कुरतडलं की एका चाव्यात चार थरांना चार भोकं पडतात.