लोनवर जायचं की मोठ्या क्लबातच थांबायचं?
फुटबॉलमधल्या १८-१९ वर्षांच्या स्ट्रायकरने (गोल मारणाऱ्या पुढच्या खेळाडूने) लोनवरच, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबाकडून खेळायला जावं, असं मला मनापासून वाटतं. हॅरी केनचंच बघा ना, त्याच्या क्लबाने, टॉटनहॅमने, त्याला लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असं चार क्लबांकडे पाठवलं, खालच्या डिव्हिजनमधले दांडगे डिफेंडर अंगावर घेत खेळावं लागलं आणि मग २०१४-१५ ला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, डायरेक्ट २१ गोल! थांबण्यातही फायदा आहे, नाही असं नाही, फेब्रुवारी २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा स्ट्रायकर मार्सियाल वॉर्मअपमध्येच जखमी झाला आणि तरुण रॅशफर्ड त्याच क्लबात होता म्हणून त्याला चान्स मिळाला, १८ व्या वर्षी पदार्पणातच दोन गोल ठोकले पोराने. पण असा चान्स कधी येईल काय सांगता येतं, बेंचवर बसून फिनिशिंग (चान्सचा गोल करणं) सुधारत नाही हो. फक्त जाण्याआधी तिथला कोच खरंच खेळवणार का ते पक्कं विचारून घ्या.